ओमनीची मिसिंग, पीयूसीची चिठ्ठी आणि एक फाटकी नळी



मागच्या मिरचीच्या फोटोत पाठीमागे पांढरी ओमनी दिसली म्हणून दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "दादा, ही अजून चालते? पासिंग झालं का?" चालते. पासिंगही झालं. पण त्याआधी दीड महिना डोक्याला जो ताप झाला तो लिहून ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात अशी एखादी जुनी गाडी आहे, आणि शेतमालाचं सगळं गणित तिच्यावर आहे.

गाडी जानेवारी २०१० ची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमपीएफआय, बीएस-३. नंबर एमएच-०४, कारण तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. पहाटे तारापूरहून मिरची-वांग्याच्या गोणी भरायच्या, बोईसर स्टेशनला टाकायच्या, येताना खत किंवा पेंड आणायची, हे तिचं काम. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आल्यापासून माल पाठवणं सोपं झालं, पण स्टेशनपर्यंत वेळेत पोचवायला गाडी आपलीच लागते. एक लोकल चुकली तर दादरला भाव निघून गेलेला असतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे माझी जानेवारी २०२५ ला संपणार. पुढची पाच वर्षं वाढवायला फॉर्म २५, पाच हजार फी, वर पर्यावरण कर, गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, आणि चालू पीयूसी पाहिजे. आणि नेमकं २०२४ च्या दिवाळीनंतर गाडीनं नखरे सुरू केले.

काय व्हायचं सांगतो. पहाटे थंड गाडी चालू केली की ठीक. दहा-पंधरा मिनिटं चालून गरम झाली की स्लोवर उभी राहीना. घरघर, मग खाली बसायची, मग स्वतःच वर यायची. नवापूर नाक्यावर ट्रॅफिकमध्ये थांबलो की बंद. रेस देऊन धरून ठेवली तर चालते. लिटरला पंधरा देणारी गाडी अकरावर आली. आणि आत वास. ओमनीत इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं, त्यामुळे जे काही होतं ते आपल्या बुडाखालीच होतं.

पहिल्या गॅरेजात प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदललं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखंच. परत गेलो, थ्रॉटल बॉडी साफ केली, स्लो वाढवून दिला. दोन्ही फेऱ्या मिळून ३,४०० रुपये. तसं बघितलं तर ही चूक मी स्वतः शेतात दुसऱ्याला करू देत नाही. मिरचीचं पान वळलेलं दिसलं की लगेच दुकानात जाऊन तीन औषधं एकत्र करून मारणाऱ्याला मी रागावतो. आधी बघ ना, पान वर वळलंय की खाली. वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. फुलकिड्याचं औषध कोळ्यावर चालत नाही. एवढं दुसऱ्याला शिकवणारा मी, गाडीच्या बाबतीत मात्र "जे वाटेल ते बदला" म्हणून बाकड्यावर चहा पीत बसलो होतो.

मग पीयूसीला गेलो. नापास. सीओ २.१ टक्के, एचसी ९१०. बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम. मशीनवाल्या पोरानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "काका, टेस्ट पाहिजे का कागद पाहिजे?" कुठलं सेंटर ते लिहीत नाही, काय करायचंय. खोटं बोलत नाही, मी पाकीट काढलं होतं. जानेवारी तोंडावर, शेतात पहिला तोडा सुरू, कुठे फिरत बसणार.

घरची बाजूच्या सीटवर होती. वांग्याचे दोन क्रेट मांडीजवळ धरून. महिनाभर ती सांगत होती की बोईसर येईपर्यंत डोकं धरतं, मळमळतं. मी म्हणायचो, उपाशीपोटी निघतेस म्हणून. ती तिथंच म्हणाली, "तुमचा कागद होईल. माझ्या डोक्याचं काय?"

पाकीट खिशात ठेवलं.

दुसऱ्या गॅरेजात नेली. त्यांनी सायलेन्सरचा पुढचा जॉइंट सोडून आत बॅटरी मारून बघितलं आणि निकाल दिला: "जाळी चोक झालीय. काढून सरळ पाइप टाकतो, पिकअप बघा कसा येतो. उलट जुन्या जाळीचे तुम्हालाच पैसे मिळतील." जाळी म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची घरं असतात, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. भंगारवाले म्हणूनच ती मागत फिरतात. मी म्हटलं, धुराचं काय? तो हसला. "काका, तारापूरला राहता आणि गाडीच्या धुराची काळजी करता?"

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं होतं. बक्षीस घेण्यासारखा नंबर नाही हा. वारा पूर्वेकडून फिरला की रात्री काय वास येतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. ग्रामसभेत चिमण्यांच्या विरोधात हात वर करणाऱ्यांत मी असतो, अर्जावर माझी सही असते. आणि माझ्याच गाडीची जाळी काढून विकायची? उद्या कुणी तोंडावर म्हटलं तर काय बोलणार. मी म्हटलं, जॉइंट परत बसवा, रविवारनंतर सांगतो. त्यांनी बसवला. तो कसा बसवला ते पुढे येईलच.

रविवारी भाचा आला. आयटीआयला मोटर मेकॅनिक केलेलं, आता वापीला एका वर्कशॉपात आहे. आल्याआल्या पाना नाही मागितला. म्हणाला, "मामा, पीयूसीची चिठ्ठी दाखवा."

"नापासाची चिठ्ठी काय बघतोस?"

"माती परीक्षणाचा रिपोर्ट बघता ना तुम्ही? तसंच आहे हे."

मग त्यानं समजावलं. सीओ वाढला म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जातंय, ते अर्धवट जळतंय. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल. सीओ कमी आणि एचसी भरपूर असेल तर गाडी मिसिंग मारतेय, ठिणगी नीट नाही किंवा मिश्रण पातळ आहे. माझे दोन्ही जास्त, पण सीओ चौपटीच्या वर. म्हणजे गाडी खात जास्त होती. मग तो म्हणाला, थंड असताना बरी आणि गरम झाल्यावर वाईट, हेही तेच सांगतंय. थंड इंजिनला जादा पेट्रोल लागतंच, त्यामुळे तेव्हा दोष झाकला जातो. हवा कुठून तरी जादा शिरत असती तर बहुतेक उलटं झालं असतं, सकाळी त्रास आणि गरम झाल्यावर आराम.

प्लग काढले. नवे टाकून महिना नाही झाला आणि तिन्ही काळे, कोरडी काजळी. तिन्ही सारखे हे महत्त्वाचं. एकच काळा असता तर त्या सिलिंडरमध्ये बघायचं. तिन्ही काळे म्हणजे दोष सगळ्यांना पुरवठा होतो तिथं. एक झाड सुकलं तर मूळ उकरतो आणि अख्खी ओळ सुकली तर ठिबकचा कॉक बघतो, तसंच.

चेक इंजिनचा दिवा? चावी फिरवली की लागतो, गाडी चालू झाली की विझतो. मी म्हटलं, दिवा तर काहीच सांगत नाही. तो म्हणाला, सेन्सर बंद पडला किंवा भलताच आकडा द्यायला लागला तर दिवा लागतो. सेन्सर पटण्यासारखं खोटं बोलत असेल तर या जुन्या गाड्यांना कळत नाही. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मग रोपवाटिकेतला हातपंप घेतला, साध्या पाण्याचा. गाडी स्लोवर ठेवून इनटेकच्या जॉइंटवर बारीक तुषार मारायचा. हवा ओढत असेल तर पाणी आत ओढलं जाऊन आवाज बदलतो. करंटच्या वायरींवर मारायचं नाही. काही लोक इथं पेट्रोल शिंपडतात, तसलं काही करू नका, गरम इंजिन आहे आणि ते आपल्या सीटखाली आहे. आवाज कुठेच बदलला नाही.

शेवटी रबरी नळ्या. एक एक हातानं चाचपत गेला. मॅप सेन्सरला जाणारी बारीक नळी वरून चांगली काळीभोर दिसत होती. खालच्या अंगाला, जिथं ती पट्टीवर घासत होती, तिथं नखाएवढी चीर. वाकवल्याशिवाय दिसणारच नाही.

ही नळी काय करते ते सांगतो, कारण सगळा खेळ तिथंच होता. स्लोवर असताना हवेची झडप जवळजवळ बंद असते आणि पिस्टन ओढत असतात, त्यामुळे आत मोठी ओढ तयार होते, तिला व्हॅक्यूम म्हणतात. आपण पाय दाबला, लोड आला की ही ओढ कमी होते. मॅप सेन्सर ती ओढ मोजतो आणि कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल ठरवतो. नळीला चीर गेली की बाहेरची हवा शिरून सेन्सरला ओढ कमी दिसते. त्याला वाटतं गाडी चढावर आहे, माल भरलाय. तो पेट्रोल वाढवतो. गाडी उभी नाक्यावर आणि पेट्रोल घाटाचं. आपल्या ठिबकच्या व्हेंचुरीला बारीक चीर गेली की टाकीतलं खत ओढलं जात नाही, नुसती हवा ओढते, आणि आपण मात्र खत चाललंय असं समजत बसतो. तोच प्रकार, फक्त इथं उलट जास्त जात होतं.

चीर टोकाजवळ होती म्हणून तेवढा तुकडा कापून नळी परत बसवली. गाडी चालू केली आणि दोन मिनिटांत स्लो सरळ झाला. मी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी नवीन नळी आणली, ऐंशी रुपये. घेताना जाड भिंतीची घ्या. पातळ नळी ओढीनं आत चपटी होते आणि मग दुसराच त्रास.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. बुधवारी दुसऱ्या सेंटरला पीयूसी केली. सीओ ०.९, एचसी ३४०. एचसी पास, सीओ नापास. खरं सांगतो, त्या दिवशी परत जाळीवाल्याची आठवण झाली. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, आता जाळीला दोष देऊ नका, अजून काहीतरी पेट्रोल वाढवतंय. वास येतो का आत?"

मला येत नव्हता. घरचीला विचारलं तर ती म्हणाली, उभी असली की येतो, चालली की नाही.

"थंड गाडी चालू करा, सायलेन्सरच्या पुढच्या जॉइंटला काळं दिसतंय का बघा. जाड ओला फडका घेऊन मागचा पाइप क्षणभर अर्धा झाका, कुठं फुसफुस वाढते ते ऐका."

पहाटे बॅटरी घेऊन खाली आडवा झालो. जॉइंटभोवती काजळीची गोल रेघ, आणि फडका लावला की तिथूनच सापासारखा आवाज. जाळी बघायला जो जॉइंट सोडला होता, तो जुन्याच चपट्या झालेल्या पॅकिंगवर परत कसला होता. दोन बोल्टांपैकी एक तर अर्धाच आवळलेला.

यानं सीओ कसा वाढतो? त्या जॉइंटच्या पुढे लगेच ऑक्सिजन सेन्सर आहे. धूर सलग जात नाही, ठोक्याठोक्यानं जातो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो म्हणतो मिश्रण पातळ आहे, पेट्रोल वाढवा. म्हणजे पहिल्या नळीनं खोटं सांगितलं ते कमी झालं, तर आता हा दुसरा. आणि फटीतून बाहेर येणारा धूर सरळ सीटखाली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. सीओ वायूला वास नसतो, रंग नसतो. आम्हाला येत होता तो न जळलेल्या पेट्रोलचा वास, आणि त्याच्यासोबत वास नसलेलं ते विष आत येत होतं. रक्तात ते ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतं. डोकं धरणं, मळमळणं, चक्कर, ही त्याचीच पहिली लक्षणं. जॉइंट सोडला तो नंतर, पण त्याआधी महिनाभर तिचं डोकं दुखतच होतं, म्हणजे थोडी गळती आधीचीही असणार. आणि मी तिला सांगत होतो, खाऊन निघत जा.

बोल्ट खाऱ्या हवेनं असे धरले होते की पाना फिरेना. रात्रभर गंजाचं तेल सोडून ठेवलं, सकाळी हळूहळू सोडले. नवीन पॅकिंग, नवीन बोल्ट-नट, स्प्रिंग वॉशर, सगळं मिळून चारशेच्या आत. जाळी बाहेरून लाकडी हातोडीनं हलकी ठोकून बघितली. आतली घरं फुटली असतील तर खुळखुळते. नाही खुळखुळली. जाळी जिवंत होती.

पीयूसीला जाताना एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा. गाडी चांगली वीस मिनिटं चालवून गरमच मशीनवर नेली. जाळी साधारण तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट काम करत नाही. घराजवळच्या सेंटरला थंड गाडी नेऊन नापास होणारे पुष्कळ आहेत. आकडे आले सीओ ०.२२, एचसी १४०. त्या पोरानं दोनदा गाडीकडे बघितलं.

आता थोडं आडवाटेचं. माझ्या गाडीतला एक काळा डबा, कॅनिस्टर, त्याचीही नळी कुणीतरी मागे काढून वाकवून तार बांधून ठेवलेली भाच्याला सापडली. त्या डब्यात सक्रिय कोळसा असतो. तसा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही करतात, आपल्या किनाऱ्यावर करवंट्या काय कमी आहेत. टाकीतली पेट्रोलची वाफ त्या कोळशात साठते आणि गाडी चालू असताना इंजिन ती ओढून जाळतं. तो डबा बंद केला की वाफ बाहेर, म्हणजे परत आपल्याच नाकाशी. त्याची नळी जोडून टाकली. आणि पंपावर मशीन तुटल्यानंतरही "राउंड फिगर करा" म्हणत टाकी गळ्यापर्यंत भरू नका, पातळ पेट्रोल डब्यात गेलं की कोळसा वाया जातो.

काही जण म्हणतील, हे सगळं इथेनॉलमुळे. जुन्या गाड्यांचं रबर आणि इथेनॉल यांचं जमत नाही हे खरं, माझ्या पेट्रोलच्या नळ्या मी त्यासाठीच बदलणार आहे. पण ही नळी पेट्रोलची नव्हतीच, हवेच्या ओढीची होती, आणि घासून फाटली होती. इथेनॉलानं मिश्रण पातळ होतं, माझं तर घट्ट होत होतं. उसावर, मक्यावर उगाच आळ कशाला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आरटीओला गाडी दाखवली. साहेबांनी चेसिस नंबर, दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर बघितले. इंजिन स्लोवर चालू होतं, एकसारखं. पंधरा वीस मिनिटांत मोकळा झालो. आरसी जानेवारी २०३० पर्यंत. पीयूसी मात्र या जुन्या गाड्यांची सहाच महिन्यांची, म्हणजे जूनमध्ये परत. लिटरला परत पंधराच्या आसपास देतेय. घरची बोईसर येईपर्यंत आता झोपते.

जूनच्या आत एक काम राहिलंय. इंजिनवरून बॉडीला येणारी अर्थची वेणी खाऱ्या वाऱ्यानं हिरवी पडलीय, ती घासून परत बसवायची. एक टोक दिसतंय, दुसरं बॅटरीच्या मागे कुठेतरी जातं आणि माझा हात तिथं पोचत नाही. कुणाच्या ओमनीची सीट सध्या उघडी असेल तर त्या बोल्टचा फोटो पाठवा.